दहा जमतील ना?

डार्मश्टाटच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा होतो तेव्हा माझ्या पाठपिशवीत दोन जुन्या विजारी, एक प्रार्थनेचं पुस्तक, अर्धा किलो पोहे आणि एक नारळ होता. नारळ आणि पोहे एश्बॉर्नच्या कुलकर्णी वहिनींनी दिले होते. त्यांचे यजमान तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि मी पीएचडीचा एकटा विद्यार्थी म्हणून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जेवायला जातो.

"कसली पूजा आहे?" वहिनींनी विचारलं.

"पप्पांचं वर्ष आहे, गुरुवारी."

"मग इकडेच ये की जेवायला. तिकडे खेड्यात कोण आहे तुझं?"

तिथे माझं कोणीच नव्हतं. मी एका अनोळखी गावातल्या ज्यू कब्रस्तानाची साफसफाई करायला चाललो होतो, तेरा अनोळखी माणसांबरोबर, सहा दिवसांसाठी.

थोडं मागचं सांगायला हवं. मी ठाण्याचा. आमची मूळ माणसं अलिबागकडची, आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी. आणि आम्ही ज्यू आहोत. आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचे तेलाचे घाणे शब्बाथला, म्हणजे शनिवारी, बंद असायचे. पप्पा गेले तेव्हा मी जर्मनीत होतो. आमच्यात दफन लांबवत नाहीत. तिकीट मिळून मी ठाण्याला पोहोचलो तेव्हा त्यांना जाऊन तिसरा दिवस होता. माझ्याऐवजी चुलतभावाने माती टाकली होती आणि कद्दिशही त्यानेच म्हटलं होतं. कद्दिश ही मुलाने बापासाठी म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा ज्यू पुरुष लागतात.

परत आल्यावर मी शहरातल्या सिनेगॉगमध्ये तीन-चारदा गेलो. दर वेळी दारावरचा माणूस माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "कोणाला भेटायचंय?" उद्धटपणे नव्हे, कर्तव्य म्हणून. मी उत्तर द्यायचो, आत जायचो, आणि तासभर मागच्या बाकावर घाम पुसत बसायचो. मग जाणं सोडलं. वर्षभर मी पप्पांसाठी जवळजवळ काहीच केलं नाही. त्यांचं वर्ष जवळ आलं तेव्हा विद्यापीठात एक मेल फिरत आली: सुट्टीत स्वयंसेवक हवेत, ज्यू विद्यार्थी, काही अमेरिकेतून येणार, काही जर्मनीतले. काम कब्रस्तानाचं. मी मेलच्या उत्तरात एकच प्रश्न विचारला: दहा जमतील ना? गटप्रमुख मिर्यामने लिहिलं, "हो, चौदा जण आहोत, त्यांत दहा पुरुष. काळजी करू नकोस."

दहा, म्हणजे मला धरून. म्हणजे एकालाही आजारी पडून चालणार नव्हतं.

रविवार, गावात

नेकार नदीच्या खोऱ्यातलं ते लहानसं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. एक चर्च, एक बेकरी, एक बँक, उतारावर द्राक्षमळे. मार्चमध्ये वेलींची नुसती काळी खोडं. त्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक व्हायचा होता, त्यामुळे बेकरीतल्या पावांवरसुद्धा साखरेचे चेंडू काढलेले. आमची राहायची सोय शाळेच्या जुन्या वसतिगृहात होती.

मिर्याम तिशीची, बर्लिनमध्ये शिक्षिका. तिने सगळ्यांना गोल बसवून ओळखी करून दिल्या. अमेरिकन मुलं कॉलेजची सुट्टी म्हणून आली होती. समुद्रकिनारी जाण्याऐवजी दुसऱ्यांच्या कबरी घासायला स्वतःहून आलेली. त्यांच्यातला एक मुलगा म्हणजे जोश, बोस्टनचा, धार्मिक, डोक्यावर सतत विणलेली टोपी. माझी ओळख झाल्यावर तो शेजारी येऊन बसला.

"भारतात ज्यू आहेत हे मला माहीत होतं, पण भेटलो पहिल्यांदाच. आई, वडील, दोघंही?"

"दोघंही."

"आईची आई?"

"तीही."

"छान," तो मनापासून म्हणाला. आणि मला हायसं वाटलं, परीक्षेत पास झाल्यासारखं. हे हायसं वाटणं पुढे मला फार टोचणार होतं.

दुसऱ्या बाजूला दिमा होता. उंच, हसरा, ओडेसात जन्मलेला आणि अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर जर्मनीत आलेला. झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात त्याची इंटर्नशिप चालू होती, आणि बोलण्यात 'आल्झो', म्हणजे 'तर मग', असले जर्मन शब्द यायचे. त्याने माझ्या पिशवीतला नारळ हातात घेऊन हलवला.

"आल्झो, आत पाणी आहे! हा फोडायचा कसा?"

"जमिनीवर आपटून."

"शाळेच्या फरशीवर नको. मी उद्या हातोडी आणतो."

तेवढ्यात एका मुलाने दोन शिंका दिल्या. मी उठून त्याच्यासाठी आल्याचा चहा केला. त्याला मी फार प्रेमळ वाटलो असणार.

सोमवार, टेकडीवर

कब्रस्तान गावाबाहेर, टेकडीच्या उत्तर उतारावर. पूर्वी ज्यूंना मिळायची ती जमीन अशीच, द्राक्षं न पिकणारी. फाटकाची किल्ली गावातल्या फ्राऊ वेबर नावाच्या बाईंकडे असते. वय सत्तरीच्या पुढे, पायात रबरी बूट. गावात आता एकही ज्यू नाही. किल्ली आधी त्यांच्या वडिलांकडे होती, मग यांच्याकडे आली. त्या रोज घरचा केक घेऊन यायच्या. जोश रोज नम्रपणे नाही म्हणायचा, कारण त्याला बाहेरचं चालत नाही. आणि त्या दुसऱ्या दिवशी दुसरा केक आणायच्या, जणू दोष केकचाच होता.

काम सोपं पण सावकाशीचं. दगडांवर चढलेली वेल कापायची, उपटायची नाही, कारण मुळांबरोबर दगडाचा पापुद्रा निघतो. मग मऊ ब्रश आणि साधं पाणी. अक्षरं हळूहळू वर येतात. मला हे काम आवडलं. आमच्याकडच्या समुद्राकाठच्या कबरींवर इथल्यासारखे कोरलेले हात आणि सुरया नाहीत, पण ओल तीच आणि शेवाळाचा वासही तोच.

तिसऱ्या रांगेतल्या एका दगडाच्या माथ्यावर कोणीतरी खडे टाकले होते, दहा-पंधरा तरी. आमच्याकडे कबरीवर फुलं आणि सब्जाच्या काड्या ठेवतात. कबरीवर दगड दिसले तर ते पोरांनी मारलेले असतात. मला वाईट वाटलं. मी ते सगळे हाताने गोळा केले, बादलीतल्या पाल्यात टाकले, दगडाचा माथा पुसला आणि बादली फाटकाजवळच्या पाल्याच्या ढिगावर रिकामी करून आलो.

अश्केनाझी, म्हणजे युरोपातले ज्यू, कबरीवर खडा ठेवतात हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं हातापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

संध्याकाळी किल्ली लावताना फ्राऊ वेबर त्या दगडापाशी थांबल्या. "अरे, इथले दगड कुठे गेले?"

मग त्याच सांगू लागल्या. ही कबर जिची, तिची नात इस्रायलमध्ये, हायफाला असते. दर सप्टेंबरात येते. नेकारच्या काठावरून एक खडा निवडते, चढ चढून इथे येते, आजीच्या माथ्यावर ठेवते. "सतरा वर्षं. मागच्या वेळी म्हणाली, गुडघे चालेनासे झालेत, आता एखादीच खेप."

मी म्हणालो, "मी काढले."

माझा आवाज इतका लहान होता की मला पुन्हा म्हणावं लागलं.

मंगळवार, पाल्याचा ढीग

सकाळी सगळ्यांच्या आधी मी टेकडीवर गेलो. ढीग कमरेएवढा, वर्षानुवर्षांचा पाला, वर आमची ओली वेल. मी हातमोजे काढून बसलो. पाचेक मिनिटांत दिमा आला, हातात वसतिगृहातली पास्ता गाळायची चाळणी.

"मिर्यामला सांगू नकोस," तो म्हणाला.

"तुझं काम सोडून कशाला आलास?"

"माझ्या रांगेतले लोक कुठे पळून चाललेत?"

इथला दगड खरखरीत, पिवळट. नदीतले खडे गुळगुळीत, करडे. त्यामुळे ओळखता येत होते. दिमा पाला चाळायचा, मी खडे वेचून बादलीत धुवायचो. दुपारपर्यंत सोळा सापडले. सतरावा सापडेना. मी ढीग पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतला तेव्हा दिमाने माझा हात धरला.

"बस. मी नदीवरून एक घेऊन येतो."

"पण तो तिचा नसेल."

"त्याच नदीचा असेल."

"ती मोजेल आणि तिला वाटेल की सगळे आहेत. ही फसवणूक झाली."

"मग फ्राऊ वेबरना सांग. त्या तिला सांगतील, सोळा तुमचे, एक त्या भारतीयाचा, त्याला फार वाईट वाटत होतं. गेनाऊ, अगदी असंच सांगायचं. ती बाई खडा फेकून देईल असं वाटतं तुला?"

तो खरोखर सायकल मागून नदीवर गेला आणि अर्ध्या तासाने खिशातून एक करडा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. थंडगार. आम्ही सतरा खडे माथ्यावर मांडले. फ्राऊ वेबरना मी सगळं सांगितलं. त्या "हो, हो" म्हणत राहिल्या आणि शेवटी मला केकचा जरा मोठा तुकडा दिला.

त्या दिवशी जेवताना सगळे खूश होते. पदार्थांवर बोलणं चाललं होतं, कोणाच्या घरी सणाला काय करतात. दिमा म्हणाला, त्याची आई ईस्टरला उंच डब्यात केक भाजते, वर साखरेचा थर देते, आणि तो बिघडू नये म्हणून घरात कोणी दार आपटायचं नाही.

"ईस्टरला?" जोशने विचारलं.

"हो, ती ख्रिश्चन आहे ना. मग पप्पा पासोव्हरचा सण करतात आणि मी दोन्हीकडे खातो. आमच्याकडे मीच जाड."

सगळे हसले. जोश हसला नाही. त्याने काटा ताटाशेजारी सरळ ठेवला. मी मनातल्या मनात मोजून टाकलं होतं.

बुधवार, भिंतीपाशी

सकाळी जोश मला कब्रस्तानाच्या भिंतीपाशी घेऊन गेला. तो रात्री नीट झोपला नसावा.

"हे तुला सांगणं मला भाग आहे. ज्यू कोण, ते आईकडून ठरतं. दिमाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो चांगला आहे. पण उद्या आपण नऊच आहोत."

मी हातमोजे चढवू लागलो.

"तुझ्या वडिलांसाठी आहे, म्हणून सांगतोय. नीट व्हावं म्हणून." त्याने कागद पुढे केला. "हा जवळच्या शहरातल्या सिनेगॉगचा नंबर. मी बोललोय. आज बाराच्या आत फोन केलास तर ते उद्या गाडीने एक माणूस पाठवतील. कोणाला काही कळायचं नाही."

मिर्याम कोपऱ्यावरून आली. तिला न सांगताच कळलं होतं. "चार बायका आहेत इथे," ती म्हणाली. "हेही जाता जाता सांगते." आणि बादली घेऊन निघून गेली. आमच्या ठाण्याच्या सिनेगॉगमध्येही पुरुषच मोजतात आणि मला आजवर त्यात कधी काही वाटलं नव्हतं. तिच्या पाठीकडे बघताना वाटलं. पण पप्पांनी जसं मान्य केलं असतं तसं मला करायचं होतं, आणि ते काय असतं तेच आता कळेनासं झालं होतं.

बेकरीशेजारच्या फोनबूथमध्ये मी कार्ड घातलं. आधी ठाण्याला लावला.

"सामू? जेवलास का रे?" आईने विचारलं आणि लगेच, "दहा जमतील ना?"

"जमतील."

"वर्षभर हेच एक माझ्या डोक्यात आहे. तुझ्या हातून एकदा नीट होऊ दे. माणसं चांगली आहेत ना?"

"चांगली आहेत."

"आणि आकड्याने मोजू नकोस हं. पप्पा कसे मोजायचे, आठवतंय ना?"

आठवत होतं. आमच्यात माणसांना एक, दोन, तीन म्हणून मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे. पप्पा ते पुटपुटत, माणसागणिक एक शब्द. लहानपणी मी त्यांच्या शेजारी उभा राहून शेवटचा शब्द कोणावर पडतो ते बघायचो.

फोन ठेवला. साडेअकरा झाले होते. जोशचा कागद समोर होता.

त्या बूथमध्ये मला माझ्या आत्याची आठवण झाली. ती पप्पांची मोठी बहीण, तरुणपणी इस्रायलला गेली. लग्न ठरलं तेव्हा तिथल्या कचेरीत तिला विचारलं गेलं: आजी कोण, पणजी कोण, पुरावा काय. कोकणातल्या आमच्या जुन्या कबरींवर नावंसुद्धा नाहीत. पप्पा तेव्हा नुकते कारकून लागले होते. रजा काढून ते अलिबागकडे गावोगाव हिंडले, म्हाताऱ्यांना बोलतं करून एका वहीत सात पिढ्यांची नावं लिहिली आणि ती वही टपालाने धाडली. आत्याचं लग्न वर्षभर लांबलं. वही परत आली. ती आमच्या कपाटात होती. पप्पांनी ती मला कधी अभिमानाने दाखवली नाही. एकदाच म्हणाले होते, "हे लिहून द्यावं लागलं, याची लाज त्यांना वाटायला हवी. मला का वाटते, कळत नाही."

आणि मी रविवारी जोशला आईची आईसुद्धा सांगून टाकली होती, लगेच, हसत.

बारा वाजल्याचे चर्चचे ठोके पडले. मी कागद घडी करून खिशात ठेवला. हे धैर्य नव्हतं.  आईला मी जमतील म्हणालो होतो आणि पप्पांचं एकुलतं एक काम आता कदाचित माझ्याच हाताने बिघडवलं होतं.

जोशला सांगितलं, "मी फोन केला नाही."

त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "मग मी उद्या काय करायचं?"

"ते मी सांगू शकत नाही."

गुरुवार

सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दिमाने हातोडीने नारळ फोडला. अर्धं पाणी कपाटावर, अर्धं मिर्यामच्या वहीवर. मी पोहे भिजवले, खोबरं किसलं, साखर आणि वेलची घालून मलिदा कालवला, वर केळी, सफरचंद, खजूर मांडले. आमच्या घरी वर्षाच्या दिवशी हे असतंच. सब्जा मिळाला नाही. फ्राऊ वेबरनी खिडकीतल्या कुंडीतली रोझमेरीची फांदी तोडून दिली.

दुपारी तीनला काम थांबवलं. सगळे माझ्याभोवती जमू लागले तसा दिमा ब्रश ठेवून फाटकाकडे निघाला. मी मागे धावलो.

"कुठे चाललास?"

"आल्झो, मी बाहेर थांबतो." तो हसत होता, पण नेहमीसारखा नाही. "जोश काल तुझ्याशी भिंतीपाशी बोलला तेव्हाच कळलं. मला सवय आहे रे. ओडेसात आम्ही ज्यू म्हणून मार खाल्ला, इथे आल्यावर कळलं की मी नाहीच. तुझा दिवस आहे, माझ्यामुळे घोळ नको."

मला वाक्यं सुचत नाहीत. मी पुस्तकातला माणूस. मी त्याची बाही धरली आणि म्हणालो, "तू नसलास तर आम्ही दहा होत नाही."

तो थांबला. मग माझ्याबरोबर परत आला. मी त्याला माझ्या उजव्या हाताला उभं केलं.

जोश नळाशी हात धूत होता. कब्रस्तानातून निघताना हात धुतात, आधी नाही. तो धूतच राहिला. सगळे वाट बघत होते. मी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी नळ बंद झाल्याचा आवाज आला. तो सावकाश आला आणि गोलाच्या अगदी कडेला, हातभर मागे, उभा राहिला. आत की बाहेर, ते मला ठरवता आलं नाही.

मी कद्दिश म्हटलं. आमच्या चालीत, पप्पांनी शिकवलेल्या उच्चारांत. काही मुलांनी चमकून बघितलं.  मग थांबायची जागा आली, जिथे बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं. आमेन आलं, पुरुषांचं आणि बायकांचं, एकदम. त्यात जोशचा आवाज होता की नाही ते मला कळलं नाही. मी वर बघितलं नाही. नंतरही विचारलं नाही.

मलिदा सगळ्यांनी खाल्ला. फ्राऊ वेबरनी कृती लिहून घेतली. जोशने पोह्यांना हात लावला नाही. पण एक केळं उचललं, त्यावरची प्रार्थना मोठ्याने म्हटली, सोललं, आणि अर्धं मोडून दिमाला दिलं. दिमाने ते खाल्लं.

मग आम्ही हात धुतले, फाटकाला कुलूप लागलं, आणि मी उतरून फोनबूथकडे गेलो.

आईने पहिल्याच रिंगला उचलला. "झालं?"

"झालं."

"दहा होते?"

"होते."

ती रडली थोडी. मग नाक पुसून म्हणाली, "नावं सांग त्यांची. उद्या शब्बाथचा दिवा लावताना सगळ्यांसाठी मागेन. थांब, पेन्सिल घेते. हं."

मी बोटं मुडपत एकेक नाव सांगू लागलो. आई प्रत्येक नाव परत म्हणत होती, चुकीचं, आणि लिहून घेत होती. पहिलं नाव मी दिमाचं सांगितलं. नववं जोशचं. 

"आणि दहावा?" आईने विचारलं.

"मी," म्हणालो.